दुसरी वाट

पायरी चढतानाही बाबांना धाप लागायची. हृदयाची झडप आखडली होती. नवी झडप मांडीतल्या रक्तवाहिनीतून बसवायची, तर तीच जागोजागी बुजलेली. "इथून जमणार नाही," डॉक्टर म्हणाले. धाकट्यानं घरी येऊन सांगितलं, "आता काहीच होण्यासारखं नाही." दुसरीकडून जमेल का, हे त्यानं विचारलंच नव्हतं. बाबांचं आजारपण काढून तो कंटाळला होता. ताईनं मात्र तडक दवाखाना गाठला, विचारलं, आणि मानेतून वाट निघाली. आज मानेवर पट्टी बांधलेले बाबा उशीला टेकून मोकळा श्वास घेत होते. त्यांनी धाकट्याला जवळ ओढलं. "ताई सांगत होती, तूच हात धुऊन डॉक्टरांच्या मागे लागलास म्हणून." त्यानं चमकून ताईकडे पाहिलं. ती खाली बघत संत्रं सोलत होती. "खरंच रे?" बाबांनी विचारलं. शरमेनं त्याचे कान तापले. तो म्हणाला, "हो."