मागचं वजन

आमच्या गॅरेजमध्ये गाडी जागच्या जागी पळवून बघायचे रोलर आहेत. आई होती तेव्हा चाकं घसरू नयेत म्हणून तीच मागच्या सीटवर बसायची. "माझ्या वजनाचा तेवढाच उपयोग," म्हणायची आणि तिथेच डुलक्या काढायची.

आज दादाने दांडगी टर्बो गाडी रोलरवर चढवली. ताकद चारही चाकांना मिळत होती, पण मागची दोन नुसतीच घसरत होती.

मग गाडी मागून किंचित दबली आणि घसरणं थांबलं. टर्बोची शीळ उन्हात तरंगत राहिली.

"बरं झालं, मागे बसलीस," दादा मान न वळवता म्हणाला.

मी बाहेर, त्याच्या खिडकीपाशी उभी होते.

मागच्या काचेवर आतून वाफ धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती.