काळा स्पंज

माशांच्या नव्या टाकीत पाणी भरलं होतं. मागल्या खेपेला अनसूयाबाईंनी फिल्टरचा मळका स्पंज साबणाने लख्ख धुतला होता, आणि आठवड्यात सगळे मासे गेले. तेव्हापासून टाकीच्या कुठल्याच वस्तूला त्या हात लावत नसत. आज सून उत्कर्षा हिंजवडीहून येताना कसब्यातल्या मैत्रिणीच्या जुन्या टाकीतला काळाकुट्ट स्पंज घेऊन आली. “अगं, ही घाण नव्या फिल्टरवर पिळणार?” “आई, यात न दिसणारे जीव आहेत. माशांच्या घाणीने पाण्यात होणारं विष तेच खातात.” बाईंना साबणाने धुतलेला तो स्पंज आठवला. “म्हणजे विरजण लावतेस म्हण की.” उत्कर्षा हसली. “मग तुम्हीच लावा. तुमच्या हातचं दही कधी बिघडत नाही.” बाईंनी बांगड्या मागे सारल्या. बोटांमधून काळं पाणी झरू लागलं, आणि ते न दिसणारं गोकुळ नव्या घरी नांदायला येताना त्या श्वास रोखून पाहत राहिल्या.