कोरी पिशवी

पिशवीत टोमॅटो होता. लालबुंद, टणक, लहान पोराच्या मुठीएवढा.

थोरलीने पिशवी मिटली. परत उघडली. होताच.

"काय गं, साप निघाला की काय?" पलीकडच्या ओळीतून बडबडी ओरडली. ती दिवसभर ओरडतच असायची.

थोरलीला साप परवडला असता.

पॉलीहाऊसच्या प्रत्येक ओळीत एका फुलावर अशी कागदी पिशवी बांधलेली असते. तिला सगळ्या कोरी पिशवी म्हणतात. टोमॅटोच्या फुलात नर-मादी एकाच घरात नांदतात, तसंच सोडलं तर फूल आपलं आपणच उरकून घेतं. पण इथे संकरित बी काढायचं असतं. म्हणून बायका कळी उमलायच्या आधीच चिमट्याने फोडतात, आतले पिवळे केसर उपटून टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी बापाच्या ओळीतला पराग आणून मधल्या बारक्या दांडीला टेकवतात. आई इथली, बाप तिथला. फक्त कोऱ्या पिशवीतल्या फुलाचे केसर काढायचे आणि त्याला बाप द्यायचाच नाही. ते वाळून गळायला पाहिजे. फळ धरलं, म्हणजे बाईने केसर ठेवले. मग तिच्या ओळीतल्या एकाही फळाचा भरवसा नाही. ओळ उपटायची आणि बाईला घरी पाठवायचं.

ही ओळ धाकटीची होती. थोरलीची जाऊ. तिला सगळे मशीन म्हणायचे, कारण बाकीच्यांची एक कळी होईपर्यंत तिच्या तीन व्हायच्या. आल्यागेल्याला साहेब तिचे हात दाखवायचे.

थोरलीला आधी धक्का बसला. मग, खोटं कशाला बोला, जरा बरंही वाटलं.

"ओ मशीन! इकडे या जरा."

धाकटी वेलींच्या तारेला हात लावत लावत आली.

"काय झालं, जाऊबाई?"

"तुझ्या कोऱ्या पिशवीत पोर झालंय."

बडबडी फिस्सकन हसली. "बापाचं नाव विचारा तिला!"

"उगाच चेष्टा नका करू हं."

थोरलीने तिचा हात धरला आणि पिशवीत घातला. धाकटीची बोटं टोमॅटोवर फिरली, देठापर्यंत गेली, तिथेच राहिली.

"शक्यच नाही."

"मग मी आणून चिकटवला?"

"मी सगळे काढले होते. शेवटी बोट फिरवलं होतं, काही म्हणजे काही लागलं नव्हतं."

"बोट फिरवलं होतं! डोळे काय घरी ठेवून येतेस?"

बडबडी पुन्हा हसली. धाकटी नाही.

दार सरकल्याचा आवाज आला. साहेब. आज कोऱ्या पिशव्या तेच उघडून बघणार होते, थोरली नुसती पुढे जाऊन झाडं सारखी करत होती.

"जाऊबाई," धाकटीने आवाज खाली आणला, "काढून टाका ना ते फळ. फूल गळून पडलं म्हणून सांगा. भावजींना विचारा हवं तर, घरात आत्ता आपल्या दोघींचीच कमाई आहे तेवढी. हे गेलं तर दुसरं कुणी देणार नाही मला."

"का नाही देणार? मशीन ना तू? रोज ऐकतेय मी, तिच्याकडून शीक, तिच्याकडून शीक. आता मीच तुझं झाकू?"

"तसं नाही हो."

"मग कसं? माज आला हाताला, दुसरं काय. भरभर, भरभर. बघत नाहीस, नुसती ओरबाडतेस." थोरलीने रागाच्या भरात वरच्या फांदीची एक कळी खुडली, चिमट्याने फोडली, पिवळे केसर उपटून झटकले आणि कळी डाव्या तळहातावर ठेवली. "हे असं करतात. नीट बघ आणि सांग, एक तरी राहिलाय का?"

तेवढ्यात मोठा पंखा सुरू झाला. वाऱ्याचा झोत ओळीतून घुसला, पानं उलटी झाली, आणि कळी तळहातावरून उडून खाली चिखलात पडली. थोरलीला पडताना दिसली. "अगं थांब, पडली," असं ती म्हणणारच होती.

पण धाकटी तोवर वाकली होती. तिने थोरलीचं मनगट धरलं, रिकामा तळहात नाकाजवळ ओढला, मान एकदा इकडे केली, एकदा तिकडे. चांगली निरखून बघितली. बाकीच्या बायका निरखतात, अगदी तशी.

"नाही, जाऊबाई," ती म्हणाली. "एकही राहिला नाही. साफ निघालीय."

बडबडी तारेपलीकडून सगळं बघत होती. तिने चिखलातल्या कळीकडे बघितलं, मग धाकटीच्या डोळ्यांकडे.

या बाईच्या हातचं थोरली रोज जेवत होती. रोज तिच्याबरोबर रस्ता ओलांडत होती. धाकटी दंड घट्ट धरून चालायची, आणि थोरलीला वाटायचं, लाडात येते.

"काय बघताय गं दोघी?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

"कळी, साहेब," धाकटी हसून म्हणाली. "जाऊबाईंनी सोललीय. छान सोललीय."

साहेबांच्या बुटांचा आवाज ओळीत शिरला. थोरलीने उजव्या हाताने टोमॅटो पिशवीसकट तोडला आणि ॲप्रनच्या खिशात कोंबला. डावा हात तिने तसाच पुढे धरला, सपाट, न हलवता, वाऱ्याने काही उडू नये म्हणून धरतात तसा.