चौदा दिवसांची वही

मिराशीकाकांच्या वहीत चौदाच्या चौदा दिवस शून्य होतं.

साथ किती वेगाने पसरेल आणि किती जणांना लस द्यावी लागेल, या आमच्या गणिताला एक आकडा हवा होता: माणूस दिवसाला किती जणांना भेटतो? म्हणून पोस्टाने वह्या पाठवल्या आणि पोस्टानेच परत मागवल्या. समोरासमोर दोन शब्द बोललात, तरी ती भेट धरायची.

"यांनी वही भरलेलीच नाही," सर म्हणाले. "असं कुणी असतं का? त्यांच्या वयोगटाची सरासरी टाक, रोजची पाच माणसं."

मला ते पटेना. वही घेऊन मी थेट काकांचं घर गाठलं.

त्यांनी दार उघडलं. वही भरायची विसरलात का, असं मी विचारलं. ते आधी दोनदा खाकरले, मग आवाज फुटला. "विसरलो नाही गं. रोज संध्याकाळी सातला न चुकता भरायचो. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो, बोलत नाही. म्हणून त्याला धरला नाही."

त्यांनी माझ्या हातातून वही घेतली, चष्मा लावला, पेन उघडलं आणि शेवटचं पान काढलं. "आता तू आलीस. तुला कुठे लिहू?"

"काका, मुदत शनिवारी संपली. आता नाही धरता येणार."

त्यांनी वही मिटली. मग पेनाला टोपण लावलं.

"मग शनिवारी यायचं होतंस."