रविवारचा विद्यार्थी

भर दुपारी कॅज्युअल्टीच्या दोन वॉर्डबॉय मामांनी ट्रॉली ढकलत आत आणली तेव्हा तिच्यावर एक नव्हे, दोन माणसं होती. थोरला भाऊ उताणा, पांढराफटक पडलेला. धाकटा त्याच्यावर गुडघे टेकून वाकलेला, तळहात एकावर एक, कोपरं ताठ, अंगाचा सगळा भार थोरल्याच्या जांघेवर घातलेला. हाताखाली सोफ्याच्या कापडाचा बोळा होता. तो मूळचा कुठल्या रंगाचा होता ते आता सांगता आलं नसतं.

मोठ्या सिस्टरनी त्या धाकट्याला तिथल्या तिथे ओळखलं. मागच्याच रविवारी हॉस्पिटलच्या हॉलमध्ये त्यांनी दुकानदार, कारागीर, टेम्पोवाले अशा चाळीसेक लोकांना वाहतं रक्त कसं थांबवायचं ते शिकवलं होतं. रबरी पुतळा बघून फिदीफिदी हसणारा हाच. सिस्टरनी मुद्दाम त्यालाच पुढे ओढून पुतळ्यावर दाब द्यायला लावला होता आणि पाच मिनिटांत त्याला घाम फोडला होता.

आता मात्र सिस्टरना कोण आनंद झाला. इतकी वर्षं घसा कोरडा करून शिकवतेय, त्याचं आज चीज झालं, असं त्यांना वाटलं. त्यांनी नर्सिंग शिकणाऱ्या नव्या मुलींना हाक मारून ट्रॉलीभोवती गोळा केलं. बघा, म्हणाल्या, डोळे उघडून नीट बघा, पुस्तकात असं दिसायचं नाही. जांघेला पट्टा बांधता येत नाही, तिथे हातच लागतो. आणि याचं कोपर बघा, जरा तरी वाकलंय का. मग त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"शाबास रे. कुणी भोसकलं याला?"

"मी."

एका मुलीच्या हातातली कात्री खाली पडली. सिस्टरचा हात त्याच्या पाठीवर होता, तो तिथेच राहिला. पुढचं त्यानेच सांगितलं, मान वर न करता. दोघांचं सोफे शिवायचं दुकान. टेबलफॅन कुणाकडे फिरवायचा यावरून सकाळपासून कुरबुर चाललेली. शेवटी थोरल्याने फॅन उचलून आपटला, आणि याच्या हातात रेक्झिन कापायची सुरी होती. झालं. एवढ्यावरून. सिस्टरना त्याच्या कानशिलात ठेवून द्यावीशी वाटली, पण त्यांनी आधी सलाईन लावली.

डॉक्टर धावत आले. त्यांनी धाकट्याला बाजूला व्हायला सांगून आपला हात घालायचा प्रयत्न केला. त्याने बोटभर जागा दिली मात्र, चिळकांडी उडून डॉक्टरांच्या चष्म्यावर आली. नको, आहे तसाच ठेव, डॉक्टर ओरडले. नेमकी जागा त्याच्याच हाताला सापडली होती. वरच्या मजल्यावर ऑपरेशन थिएटर तयार होत होतं, आणि तोवर हा हात निघाला तर थोरला काही वाचत नव्हता. हवालदारही येऊन पोचला होता. तो बेड्या घेऊन नुसताच उभा राहिला, कारण घालायला हात मोकळे नव्हते.

तेवढ्यात थोरल्याची बायको आली. शेजारच्या दुकानदाराने फोनवर तिला सगळं सांगितलं होतं. स्कूटरवरून तशीच धावत आली होती, हातात हेल्मेट. नवऱ्याकडे तिने एकदाच बघितलं आणि हेल्मेट दिराच्या डोक्यात घातलं. मग पाठीत, मग खांद्यावर, मग परत डोक्यात. त्याची भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. त्याने ना मान चुकवली, ना हात उचलला. मेल्या, मुडद्या, बापाच्या मागे ज्याने तुला वाढवलं त्यालाच खाल्लास, असं तोंडाला येईल ते ती बोलत होती. एक मामा मध्ये पडला, तर त्याच्याही जबड्यावर हेल्मेट बसलं.

सिस्टरनी तिचा दंड धरला आणि अगदी हळू बोलल्या.

"त्याचा हात सरकला की तुमचा नवरा संपला, बाई. आता मारायचं तर मारा."

तिच्या हातातलं हेल्मेट गळून पडलं.

वरून निरोप आला आणि ट्रॉली निघाली. थोरल्याची बायको बाजूने पळायला लागली. हेल्मेट नव्हतं, पण मूठ होती. पावलागणिक ती दिराच्या पाठीत बसत होती, दणादण, आणि तिला कुणी अडवत नव्हतं. लिफ्टच्या वळणावर चाक फरशीच्या खाचेत गेलं, ट्रॉली कलली, आणि धाकटा एका अंगाला झुकला. तशी तिने दुसऱ्या हाताने त्याच्या कमरेला विळखा घातला. असा आवळून धरला की त्याचे तळहात केसभरही हलले नाहीत. मग तो विळखा तिने सोडलाच नाही. लिफ्टमध्ये तिचं कपाळ त्याच्या पाठीला टेकलेलं होतं आणि मोकळी मूठ अजून मारतच होती, पण त्यात आता जोर राहिला नव्हता.

थिएटरच्या दारात तिला थांबवलं. इथून पुढे बाहेरच्या माणसाला येता येणार नाही, म्हणाले. मग हा, असं तिने विचारलं. याला आत न्यावंच लागेल, सिस्टर म्हणाल्या. तिला विळखा सोडावा लागला. ट्रॉली आत गेली, दाराच्या दोन्ही फळ्या मिटत आल्या, तेव्हा तिने त्या फटीला तोंड लावलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्यांना सोडू नका."