पेशी मजेत होत्या

साहेब, माझ्या पेशी तुम्ही मारल्यात, आणि त्याही पाहुण्यांच्या देखत!

उंदराच्या हृदयाच्या त्या पेशी अंधाऱ्या प्रयोगशाळेत पडद्यावर धडधडत होत्या. त्यांच्यात घातलेला रंग ऑक्सिजन भरपूर असला की मंद चमकतो, कमी पडला की भगभगतो. सकाळीच सांगितलं होतं तुम्हाला. तरी सगळ्यांसमोर करवादलात, "काय हे मिणमिणतंय? दिल्लीचे पाहुणे आलेत, बाई!"

"सर, पेशी मजेत आहेत, म्हणून मंद आहेत."

"मजेत असतील तर चमकायला नकोत? व्हा बाजूला."

आणि उजेड वाढवायचा समजून तुम्ही ऑक्सिजनचाच नॉब बंद केलात. पडदा लख्ख उजळला. टाळ्या पडल्या.

मी ओरडले, "सर, गुदमरताहेत त्या!"

"आधी फोटो," तुम्ही म्हणालात. मग भाषण ठोकलंत, तेही नॉबसमोरून तसूभर न हलता. भाषण संपलं तेव्हा एकही पेशी धडधडत नव्हती. माझा अख्खा प्रबंध त्यांच्यावर उभा होता.

आज तुमची नोटीस आली: पेशी कशा मेल्या, लेखी खुलासा करा. करते की! फक्त एवढं सांगा, तुमचं पूर्ण नाव घालू, की नुसता हुद्दा पुरे?