अश्वजितचा ‘ळ’

प्रकाशकाने श्रावणने केलेला फॉन्ट नाकारला आणि कादंबरी अश्वजितच्या जाड-बारीक रेघांच्या नव्या फॉन्टमध्ये छापली. दोघंही यवतमाळात एकाच पेंटरकडे पाट्या रंगवत अक्षर शिकलेले. पुस्तक घरी आलं तसा श्रावण भिंग घेऊन बसला.

“काय पाहून राह्यले हो?” बायकोने, मथुराबाईने विचारलं.

“खोट. त्याचा ‘ळ’ पह्यलेपासून लंगडा हाय. ‘ल’ तर हिंदी वळणाचाच काढला असन.”

दुपारचा चहा तसाच निवला. संध्याकाळी तिने खोलीतला लाइट लावला, तर भिंग बाजूला पडलेलं आणि श्रावण डोळे पुसत होता.

“काहून, काय झालं? सापडली का खोट?”

“कायची खोट!” त्याने पुस्तक मिटलं. “वाचतच गेलो. लेकानं अक्षरं दिसूच नाही देल्ली.”